निळ्या झाकणाची डबी

"कुल्फी हाय व्हय त्यात?"

भिमाचं मला उद्देशून आलेलं हे पहिलं वाक्य. गणपती उठल्यावरचा आठवडा होता. नसरापूरहून भोरला निघालेली शेअर रिक्षा, बाहेर भुरभुर पाऊस, पुढं दोघं, मागं चौघं कोंबलेले, आणि माझ्या मांडीवर माझा थंड डबा. आत बर्फाच्या पिशव्या असल्यामुळं बाहेरून त्याला घाम सुटलेला. कुणालाही कुल्फीच वाटावी.

"अकरा माणसांचे बेडके आहेत," मी म्हटलं. "टीबीच्या तपासणीला नेतेय. देऊ एखादा?"

रिक्षा एका क्षणात चार बोटं रिकामी झाली. मला ते ठाऊक असतं. गर्दीत बसायला जागा करायची माझी ही जुनी युक्ती आहे, तिला आजवर कुणी दाद दिली नाही असं झालेलं नाही. पण हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. उलट हसला. आणि हसता हसता त्याला उबळ आली... तोंड बाहेर काढून, बाही तोंडावर दाबून, पावसाकडं बघत तो किती तरी वेळ खोकला. मग आत वळला आणि मधलं काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाला,

"हां, बोला."

आता बोला काय बोला! मी अश्विनी, राहणार वरवे बुद्रुक, सरकारी टीबी कार्यक्रमात कंत्राटावर. गावोगावचे बेडके गोळा करते, गोळ्या पोचवते, रिकामी पाकिटं मोजते. पाच वर्षं हेच ऐकतेय. दारामागून ऐकलेल्या खोकल्यावरून मी सांगू शकते, माणूस आठ दिवसांचा आजारी आहे की दोन महिन्यांचा.

"किती दिवस झाले खोकल्याला?"

"कसला खोकला?"

"हा आत्ता पावसाला ऐकवलात तो."

तो खाली बघायला लागला. पट्ट्याला खिळ्यानं एक जादा भोक पाडलेलं होतं, त्याच्याही पुढं आणखी एक. गळ्याची हाडं शर्टाबाहेर आलेली. पण डोळे... मेले ते डोळे! आजारी माणसाचे डोळे असे खट्याळ असू नयेत, कामात व्यत्यय येतो.

मी पिशवीतून निळ्या झाकणाची कोरी डबी काढली, पेन काढलं. "नाव?"

"भिमा."

"भिमा!" मला हसू आवरेना. "वजन किती, भिमसेन?"

"गर्दीत असलं इचारू नये बाईमाणसानं."

"उद्या पहाटे उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, छातीतून खोल खाकरून यात थुंकायचं. लाळ नको, बेडका पाहिजे. मी घ्यायला येईन. घर कुठं?"

"भाटघर. धरणाच्या अंगाला." त्यानं डबी उलटीसुलटी करून बघितली. "पैल्याच भेटीत बेडका मागितला तुमी. फोन नंबर तरी मागायचा."

"तोही लागतो. फॉर्मवर रकाना आहे," मी म्हटलं. आणि देवाशपथ, रकाना होताच.

\*

रिपोर्ट आला. टीबी. मी गोळ्या घेऊन भाटघरला गेले तेव्हा त्याची आई धोंडाबाई उंबऱ्यात मटकन बसली. "कुणाला सांगू नगा, बाई," एवढंच तीनदा म्हणाली. घरात ही दोघं. थोरला भाऊ सोमनाथ पुण्यात टेम्पोवर हमाली करतो, महिन्यातून कधीतरी येतो. त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली.

भिमाही पुण्यातच होता, त्याच खोलीत. त्या खोलीची गोष्ट त्यानं मला मागच्या ओट्यावर बसून सांगितली. वस्तीत पत्र्याची खोली, आठ माणसं, खिडकी नाही. चौघं दिवसपाळीला, चौघं रातपाळीला. सोमनाथ उठून कामाला गेला की भिमा त्याच जागेवर आडवा व्हायचा. "गोधडी कदी गार झाली न्हाई बगा आमची," तो म्हणाला.

"तिथं आमच्यासारख्या बायका येत नाहीत का, घरोघर विचारायला?"

"येत्यात की. दर सा म्हयन्यानं. लई मायेनं इचारत्यात, कुणाला खोकला हाय का, ताप हाय का. आमी आठ जण एका सुरात न्हाई म्हंतो. ज्याला उबळ आली त्यो दम धरून बसतो, बाई पल्याडच्या दाराला जाईस्तोवर." तो हसला. "खोकला सापडला तर खोलीवाला भाईर काढतो. मग ऱ्हायाचं कुठं? म्या त्यात पटाईत झालोय. मिनिटभर दाबून धरतो."

मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. इतका राग मला कधीच येत नाही पेशंटचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

"ऐका," मी दरडावून म्हटलं. "रोज तीन गोळ्या, सहा महिने. एक दिवस चुकवायचा नाही. लघवी तांबडी होईल, घाबरायचं नाही, गोळीचा रंग असतो. घाम तांबूस होईल. डोळ्यातलं पाणीसुद्धा."

"डोळ्यातलं पन?"

"पण."

"मंग रडायची सोय न्हाई," भिमा म्हणाला. "पांढऱ्या शर्टाचं वाटुळं व्हायचं."

\*

दर मंगळवारी मी भाटघरला जायची. यादीत त्याच्याकडं आठवड्यातून एकदाच जावं असं लिहिलेलं होतं. पुढं पुढं मी शुक्रवारीही जायला लागले. कारण काय तर पोषण आहाराची पिशवी. मग कारण काय तर वजन. वजनकाटा खांद्यावर मारून चार मैल जाणारी बाई गावानं कधी बघितली नव्हती.

तो ओट्यावर बसायच्या आधी एक गोष्ट करायचा. चिमूटभर माती उचलून हवेत सोडायचा. माती ज्या बाजूला उडेल त्या बाजूला स्वतः बसायचा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला मला बसवायचा. पहिल्यांदा मला वाटलं, खुळं आहे. दुसऱ्यांदा कळलं... आपला श्वास माझ्याकडं जाऊ नये म्हणून! पाच वर्षं मी माणसांना तोंडाला रुमाल बांधा म्हणून ओरडतेय, कुणी बांधत नाही. आणि हा वारा बघून बसत होता.

"मास्क लाव की सरळ," मी म्हटलं. कधी 'तुम्ही'चा 'तू' झाला होता, मलाही सांगता येणार नाही.

"मास्क लावल्यावर हसल्यालं दिसत न्हाई."

"कुणाचं?"

"माजं. तुला बगायला आवडतं न्हवं?"

"मला? वेड लागलंय का? मी पाकिटं मोजायला येते."

"मोज की मग. तीनदा मोजलीस मगापास्नं."

थंडीत भात निघालं. धरणाचं पाणी निळंशार झालं. भिमाच्या गळ्याची हाडं हळूहळू आत गेली, पट्ट्याचं एक भोक मागं सरकलं. शेहेचाळीसचे पन्नास किलो झाले त्या दिवशी त्यानं काट्यावर उभं राहूनच माझा हात धरला. "एकट्याचं वजन लई दिस केलं," तो म्हणाला. "आता जोडीनं करू या?"

मी हात सोडवला नाही. काट्यावर दोघांच्या मध्ये आकडा थरथरत होता... मी म्हटलं, "आधी बरा हो."

संक्रांतीला मी आप्पांना सांगितलं. माझे वडील कधी आवाज चढवत नाहीत. ते पाणी पिऊन बोलतात. तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "पोरगा गरीब हाय, चालंल. पन ह्यो रोग माज्या बहिणीला घेऊन गेलाय. शेवटचा रिपोर्ट सोच्छ आला की त्याला म्हनावं आईला घेऊन ये. न्हाई आला, तर तुला बगून गेलेल्या वेल्ह्याच्या पावण्यांना मी होकार कळवनार. दोन्ही बाजू मी बांधून ठेवनार न्हाई."

मी हे जसंच्या तसं भिमाला सांगितलं. माझी चूक तिथं सुरू झाली. त्याच्या छातीवर मी रोगाच्या जोडीला आणखी एक ओझं ठेवलं, आणि वर आनंदानं ठेवलं.

\*

सहा महिने शिमग्याला भरले. शेवटची डबी मी स्वतः नेऊन दिली.

आमच्या कामात एक नियम आहे. शेवटचा बेडका कर्मचाऱ्यानं समोर उभं राहून घ्यायचा आणि खाली सही करायची. मी उभी राहिले. भिमा डबी हातात घेऊन चुळबुळ करायला लागला.

"तुज्यासमोर खाकरू? लाज वाटती गं. उद्या लगीन व्हायचंय आपलं... आन तू हेच आठवत बसशील."

"रोज अकरा जणांचं बघते मी."

"ते अकरा जण तुला मागणी घालणार हायत का? पहाटं देतो. घरी. तू येऊन घेऊन जा."

मला हसू आलं. थोडी लाज मलाही वाटली. मी तोंड फिरवलं. 'समोर घेतला' या शब्दांखाली सही आधीच करून टाकली, दुसऱ्या दिवशी डबी उचलली आणि भोरला गेले. रिक्षात मी त्या डब्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. कुणी कुल्फी आहे का विचारलं असतं, तर हो म्हटलं असतं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू होते. भरपूर होते.

मी आरोग्य केंद्राच्या मागं जाऊन रडले. आमचे सलीम सर, तालुक्याच्या टीबीच्या कामावरचे साहेब, भोरचे, मोटारसायकलवर आख्खा तालुका पालथा घालणारे, त्यांनी मला चहा आणून दिला. त्यांना काय ते माहीत होतं. "रडू नको, अश्विनी," ते म्हणाले. "पुढची तपासणी आलीये. साध्या गोळ्या लागू पडतील असं आहे. परत पहिल्यापासून सुरू करू. बरा होईल."

"आप्पा थांबणार नाहीत, सर."

"तुझे आप्पा थांबतील न थांबतील. टीबी तर मुळीच थांबत नाही. गोळ्या घेऊन जा."

मी गेले. भिमाला सांगितलं. तो रडला नाही, चिडला नाही. नुसता पांढरा पडला आणि म्हणाला, "खरंच? त्या डबीत?" मी म्हटलं, हो, त्याच डबीत. तो उठून पाण्याकडं चालत गेला. मला वाटलं, लग्न मोडलं म्हणून. मी मागं गेले नाही.

त्याचं वजन आता बावन्न होतं, त्या हिशेबानं रोज चार गोळ्या. महिन्याच्या गोळ्या देऊन मी परत आले. आप्पांशी भांडून मी वेल्ह्याच्या पाहुण्यांना दिवाळीपर्यंत थांबायला लावलं. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

\*

पुढचे दोन महिने भिमा माझ्याकडं बघायचाच नाही. रिकामी पाकिटं पुढं करायचा, मी मोजायची. एकही गोळी शिल्लक नसायची. वारा बघायचा मात्र अजून, सवयीनं. मी म्हणायची, "अरे, एवढं मनावर घेऊ नको." तो म्हणायचा, "व्हय." एवढंच. आमच्या हसण्याला कुणाची दृष्ट लागली, असं मला वाटायचं.

वैशाखात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम निघालं म्हणून सोमनाथ घरी आला होता. मी गेले तेव्हा भिमा शेतात होता. धोंडाबाईनं मला खुणेनं चुलीपाशी बोलावलं.

"बाई, तुमाला इचारायचं व्हतं. थोरल्याला कावीळ झाली का काय? लघवी पार तांबडी व्हती म्हंतोय. भिमाची मागं व्हायची तशी. आन भिमाची आता येकदम सोच्छ हाय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

कधी कधी सगळं एकदम कळतं. सोमनाथ समोरच्या पडवीत झोपला होता. दिवसाढवळ्या झोपलेला सत्तर किलोचा गडी, आता साठचाही नसेल. छाती वर-खाली होत होती आणि आतून तो आवाज येत होता... जो मी दारामागूनही ओळखते.

मी राबावर गेले. भिमा गोवऱ्या-पाचोळा पसरत होता. मी विचारलं, "शिमग्याला डबीत कोण थुंकलं?"

त्यानं हातातलं खाली टाकलं.

"दादा," तो म्हणाला. "दादा सणाला आला व्हता. म्हनलं, आमच्या घरातला येवढा दांडगा गडी, त्याचा बेडका सोच्छच आसनार. माज्या छातीचा मला भरवसा न्हवता, आशू. येवढे दिस त्या छातीनं मला फसवलं... म्हनलं, रिपोर्ट हुकला तर तू जाशील वेल्ह्याला. दादाला पहाटं उठवलं. म्हनलं, थुंक ह्यात. त्यो हसत व्हता. म्हनला, काय खूळ हाय रं. आन थुंकला."

"आणि गोळ्या?"

"बेडका त्याचा. मंग गोळ्या पन त्याच्याच न्हवं? म्या येक बी खाल्ली न्हाई. सगळ्या त्याला दिल्या, पुण्याला पाठवल्या. शक्तीच्या हायत म्हनून सांगितलं. तुला खरं सांगितलं आसतं, तर तुजी नोकरी गेली आसती. सही तुजी व्हती..."

मी त्याचं ऐकत होते आणि मनात माझं काम आपोआप चाललं होतं. त्या वजनाला पाच गोळ्या लागतात, हा चार पाठवत होता. मग सोमनाथला उठवून विचारलं. त्या भल्या माणसानं सगळं खरं सांगितलं. दमलो की सहा घ्यायचो, बरं वाटलं की आठ-आठ दिवस घ्यायचो नाही. खोलीतल्या एकाचं अंग दुखत होतं, त्यालाही दोन दिल्या. रिकामी पाकिटं धाकट्यानं मागितली होती, ती तेवढी न चुकता पाठवली. अर्धवट गोळ्या खाल्ल्या की जंतू मरत नाहीत. शिकतात.

भिमा बांधावर बसून रडत होता. पांढऱ्या बाहीनं डोळे पुसत होता. बाही ओली झाली, पण तिला कसलाही रंग आला नाही. नुसतं साधं पाणी.

मला त्याला मारायचं होतं. मला त्याला कुशीत घ्यायचं होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. पिशवीतून डबी काढली, त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "थुंक. माझ्याकडं बघून."

\*

त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला. एकही जंतू नाही. दोन महिने एक गोळी न खाता! म्हणजे शिमग्यालाच तो बरा झालेला होता. त्या पहाटे त्यानं स्वतःच्या डबीत स्वतः थुंकलं असतं, तर उन्हाळ्यात आमचं लग्न झालं असतं, आणि सोमनाथ खोकत माझ्या लग्नाला आला असता तर मी तिथल्या तिथं त्याला डबी दिली असती. त्याच्यावर तेव्हा साध्या गोळ्या चालत होत्या. हा हिशेब मी किती वेळा केला असेल! दर वेळी उत्तर तेच येतं.

सोमनाथच्या बेडक्यात आता साध्या गोळ्यांना दाद न देणारे जंतू निघाले.

मी सगळं लिहून सलीम सरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "नोकरीचं बघू, मी वरती बोलतो," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "पुण्याला कळवतो, त्या खोलीतल्या बाकीच्यांना तपासा म्हणून. तपासतीलही. औषध देतील, चांगलं देतील. पण खोलीला काय देणार? आपण इथून छाती धुऊन पाठवतो, अश्विनी, आणि माणूस परत त्याच गोधडीत जाऊन झोपतो."

माझी नोकरी राहिली. सोमनाथ नव्या, जालीम गोळ्या घेत पडवीतल्या खाटेवर राहिला. डोंगरासारखा माणूस, कळशी उचलायची म्हटलं तरी दम लागायचा. त्याची बायको तान्ह्याला घेऊन माहेरीच थांबली. घरात कमावणारं उरलं कोण? वरव्याजवळच्या दोन कारखान्यांत मी स्वतः भिमाला घेऊन गेले, स्वच्छ रिपोर्ट हातात घेऊन. ठेकेदारानं रिपोर्ट चिमटीत धरला, जसं काही त्यातूनच लागण होईल. "टीबीवाला नको," म्हणाला. "बरा झाला असंल, पन नको."

आषाढात भिमा म्हणाला, "पुण्याला जातो. दादाच्या जागेवर. हमालीला त्याच्या बदली मला घेतो म्हनलाय मालक."

"आणि राहणार कुठं?"

मला माहीत होतं. खोलीतली एक जागा रिकामी होती.

नसरापूरला मी त्याला गाडीत बसवून द्यायला गेले. पाऊस नव्हता, नुसतं कुंद झालं होतं. स्टँडमागच्या कठड्यावर बसायच्या आधी त्यानं खाली वाकून चिमूटभर माती घेतली... ओली होती. ती उडाली नाही, तशीच खाली पडली. तो माझ्याकडं बघून कसनुसा हसला.

"आता कशाला बघतोस वारा? स्वच्छ आहेस तू."

"तुज्याजवळ बसायचं म्हनलं की हात आपसूक खाली जातो."

आता मात्र मला राहवलं नाही. "ऐक," मी म्हटलं. "मला तू पाहिजेस. दुसरा कुणी नको. वेल्ह्याचा नको, पुण्याचा नको, सरकारी नोकरीवाला नको. आणि मला तुझा भरवसा वाटत नाही. दोन्ही खरं आहे, भिमा. तुझ्या एका डबीनं तुझ्या भावाची छाती गेली. आणि मी तोंड फिरवलं नसतं तर ती गेली नसती. म्हणजे मी तुला सोडलं, तरी स्वतःपासून कुठं जाऊ?"

"मला बी तूच पायजेस," तो म्हणाला. "म्या काय खोटं बोललो आसंल ती येक डबी. हे खोटं न्हाई."

मी पिशवीतून निळ्या झाकणाची डबी काढली. तिच्यावर त्याचं नाव मी घरूनच लिहून आणलं होतं. "दसऱ्याला ये. माझ्यासमोर दे. स्वच्छ आली की मी आप्पांना आवाज चढवून सांगणार. वेल्ह्याला नाही म्हणून टाकणार."

त्यानं डबी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, छातीवर. गाडी आली. खिडकीतून तो ओरडला, "कुल्फी घेऊन येतो!" शेजारचा माणूस हसला. मीही हसले. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी तिथंच कठड्यावर बसले आणि पोटभर रडले. माझ्या डोळ्यातल्या पाण्यालाही रंग नव्हता.

\*

दसऱ्याला तो आला नाही.

दुपारी मी आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर बसून फोन लावला. पहिल्या वेळी उचलला नाही. दुसऱ्या वेळी उचलला. मागं टेम्पोचे भोंगे, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.

"येतोस ना?"

"सणाचा माल लई हाय गं. सुट्टी न्हाई देत. दिवाळीला नक्की."

"डबी?"

"हाय की. उशाला हाय. रोज बगतो तिच्याकडं."

"दादा विचारत होते तुला. काल दारापर्यंत चालले."

"व्हय? लई झ्याक..." त्याचा आवाज खरंच खुलला.

"आणि तू? तब्येत?"

"येकदम—"

आणि पुढं काहीच नाही. फोन कटला नव्हता, वरचे आकडे पळत होते. भोंगे मात्र एकदम लांब गेले, कुणीतरी फोनवर पंजा घट्ट दाबून धरावा तसे. मी आकड्यांकडं बघत राहिले. चार, पाच, सहा. पायरीवर कुणीतरी आपट्याची पानं ठेवून गेलं होतं. नऊ, दहा, अकरा. मग भोंगे परत जवळ आले.

"हां, बोल," भिमा म्हणाला.

रिक्षातला तो पहिला पाऊस माझ्या डोळ्यांसमोर आला. ती बाही, ते बाहेर काढलेलं तोंड. आठ माणसांची बिनखिडकीची खोली आणि दाराशी मायेनं विचारणारी कुणीतरी माझ्यासारखीच बाई. मला काहीच विचारायची गरज नव्हती.

"पत्ता सांग," मी म्हटलं. "खोलीचा. मी उद्या सकाळच्या गाडीनं येतेय."

"कशाला? हितं कशाला येतीस? आगं, काय न्हाई मला, दिवाळीला मी—"

"पहाटे चूळ भरू नको. डबी हातात धरून बस. मी समोर उभी राहीन, भिमा. लाज वाटू दे, काही होऊ दे. मी तोंड फिरवणार नाही."

मी आप्पांचा विचार केला नाही, वेल्ह्याचा केला नाही. फोन कानाशी धरून बसले.

मग भिमा खोकला. फोनवर हात न ठेवता, तोंड न वळवता, थेट माझ्या कानात... खूप वेळ. मी शेवटपर्यंत ऐकत राहिले.